डाव्या कुशीवर

१

कपाटात चारशे सोळा नंबरची फाईल होती, चारशे अठराची होती, आणि मधे बोटभर फट होती.

“काल संध्याकाळी मी स्वतः बघितली मॅडम,” वैजनाथ कातोरे म्हणाला. शेवगावपासून सहा कोसांवरच्या वाघजळीत एका संस्थेने चालवलेलं ‘जवान आरोग्य केंद्र’ आहे, तिथला हा कारकून. फौजेतही पंधरा वर्षं कारकुनीच करून आलेला. फाईल गेली म्हणजे त्याच्या दृष्टीने अब्रूच गेली. “तुमचा फोन आला, उद्या मरकडांची फाईल बघायला येते म्हणालात. मी काढली, धूळ झटकली, परत जागेवर ठेवली.”

“माझ्या फोनचं कुणाला बोललात?”

“डॉक्टरांना बोललो, जस्टिनला बोललो. आम्ही तिघंच तर आहोत इथं. कपाटाची किल्ली खिळ्यालाच असते.”

रेबेका उजागरेंनी घड्याळ पाहिलं. दहा वाजून गेले होते. गावच्या सरकारी आरोग्य केंद्रातून दोन वाजता एका बाळंतिणीला घेऊन रुग्णवाहिका नगरला निघणार होती, आणि तिच्यात आणखी एका पेशंटला जागा द्यायचं तिथल्या लोकांनी कबूल केलं होतं. तो पेशंट म्हणजे गोजरबाई मरकड, वय सत्तावन्न, निमलष्करी दलाच्या महिला तुकडीतली निवृत्त हवालदार. परवापासून तिच्या खोकल्यातून रक्त पडत होतं. नगरच्या मोठ्या हॉस्पिटलात जवान म्हणून दाखल व्हायचं तर या केंद्राचं पत्र हवं, आणि पत्राला जुनी फाईल हवी. एक्स-रे मशीनही साऱ्या गावात इथलंच एक. बाईच्या छातीत काय चाललंय ते सांगू शकणारी एकच जागा होती, आणि तिथं आता फट होती.

रेबेकाबाई सैन्यातल्या नर्स, मेजर होऊन निवृत्त झालेल्या. पंचवीस वर्षांपूर्वी श्रीनगरच्या लष्करी इस्पितळात स्ट्रेचरवरून आलेली एक जखमी बाई “आई गं, लई दुखतंया” म्हणून ओरडली आणि रेबेकाबाईंच्या हातातली कात्रीच थांबली होती. “कुठली गं तू?” “शेवगावकडची.” “मी नगरची.” ग्रेनेडचा एक कण तिच्या उजव्या खांद्यात इतका खोल बसला होता की सर्जनने तो काढायचं टाळलं. कण राहिला आणि मैत्रीही राहिली. गोजरच्या ओढीनेच रेबेकाबाई निवृत्तीनंतर या बाजूला राहायला आल्या.

या केंद्रावर त्यांचा मुळात राग होताच. सात वर्षं इथं येत होत्या तरी खिडकीवर त्यांना विचारलं जायचं, ‘साहेबांचं कार्ड आणलंत का?’ साहेब कधी नव्हतेच. साहेब त्याच होत्या.

“फाईलला पाय फुटत नाहीत, कातोरे,” त्या म्हणाल्या. “तुम्हा तिघांपैकी एकाने ती नेली. दोनच्या आत मला तो माणूस हवाय.”

२

वैजनाथ दुखावला. “माझ्यावर संशय घेता? अहो, हे केंद्र उभं आहे ते माझ्यामुळं. वरून कार्डांची यादी आली तेव्हा तिच्यात चुकाच चुका. मी एकेक शोधून संगणकात सरळ केल्या. तुमच्या मरकडांचंसुद्धा मीच नीट केलं. कुणी शाबासकी दिली का? नाही.”

रेबेकाबाईंना त्याची फुशारकी ऐकायला वेळ नव्हता. त्या एक्स-रेच्या खोलीत गेल्या.

जस्टिन क्षेत्रे नगरच्या त्यांच्याच चर्चमधला. त्याच्या बारशाला त्यांनी कुंची शिवली होती. त्यामुळे त्याला विचारताना जीभ अडखळली, आणि त्याचा त्यांना आणखी राग आला.

“आंटी, मी कशाला फाईल नेऊ?” जस्टिन म्हणाला. “एक्स-रे काढतो, छातीची पट्टी म्हणजे ईसीजी काढतो, संपलं माझं काम. कार्डावरचा नंबर टाकला की नाव मशीन छापतं. नंबरापुढं एक असला तर जवान, दोन असला तर घरचं माणूस. तपासणी शिबिराच्या दिवशी ऐंशी माणसं असतात, मी नाव वाचतही बसत नाही. फोटो पेशंटला, रिपोर्ट फाईलला.”

“मशीनमध्ये जुना फोटो असेल ना?”

“दर तीन महिन्यांनी पुसावं लागतं. पण गोजरमावशीला घेऊन या, पाच मिनिटांत नवा काढतो. डॉक्टरांची सही तेवढी आणा.”

डॉक्टर कल्याण गरड चाळिशीचे, गोड बोलणारे. त्यांनी चहा मागवला. रेबेकाबाईंनी तो घेतला नाही.

“मेजर मॅडम, माझे हात बांधलेले आहेत. फाईल नाही तर पत्र नाही, आणि जुना रिपोर्ट समोर नसताना नवा एक्स-रेही मला लिहिता येत नाही. आणि खरं सांगू? आठ महिन्यांपूर्वीच्या शिबिरात तिचा फोटो स्वच्छ आला होता. मला चांगलं आठवतं. ती खोकल्याचं सांगत आली तेव्हा मीच तपासलं. या वयात बायकांना असं होतं. त्यातून आयुष्यभर बंदुकीची नोकरी, मनावर ताण राहतो. मी झोपेची गोळी दिली होती.”

“खोकल्याला झोपेची गोळी,” रेबेकाबाई म्हणाल्या.

“मनाचं होतं ते.”

“मग आता मनातून रक्त पडतंय. सकाळपासून दोनदा. चहाचा कप भरेल इतकं.”

डॉक्टरांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी बशी टेबलावर ठेवली. “डाव्या कुशीवर ठेवा तिला,” ते घाईने म्हणाले. “उताणी अजिबात नको. आत्ता फोन करा, डाव्या कुशीवर.”

रेबेकाबाईंनी तिथूनच गोजरबाईच्या नवऱ्याला, रंगनाथला फोन लावून तसं सांगितलं. माणसात डॉक्टर अजून शिल्लक आहे म्हणायचा, असं त्यांना क्षणभर वाटलं. बाहेर आल्यावर मात्र काहीतरी टोचायला लागलं. काय ते हाताला लागेना.

३

गोजरबाई सरकारी केंद्राच्या खाटेवर डाव्या कुशीला वळून पडली होती. हाताला सलाईन. एके काळी दंगलीत ढाल घेऊन पहिल्या रांगेत उभी राहणारी बाई. आता तिचं मनगट रेबेकाबाईंच्या दोन बोटांत मावत होतं. रंगनाथ पायथ्याशी टोपी हातात धरून बसला होता.

“अगं, आठ महिने खोकत होतीस, मला का नाही बोललीस?” रेबेकाबाई खेकसल्या. खेकसल्या नसत्या तर रडल्या असत्या.

“सिस्टर, तुमाला ठावं हाय,” गोजरबाई दम घेत घेत म्हणाली. “नोकरीत दुखतंय म्हनलं की वरचा म्हनायचा, आली नाटक घेऊन. गडी आजारी पडला तर आजारी, बाई पडली तर नाटक. तवाच ठरवलं, सांगायचंच न्हाई. हितं एकदा सांगितलं तर डॉक्टर म्हनला मनाचं हाय. म्हनलं, आसंल. हुकूम झाला की ऐकायचं.”

“कागदावर ती तर धडधाकट हुती बाई,” रंगनाथ म्हणाला. “आजारी मी हुतो. शिबिरात फोटू माजा खराब निगाला. टीबी म्हनले. गोळ्या चालू केल्या, लघवी लालभडक व्हायची. आन् मला तर साधा खोकलाबी न्हवता.”

रेबेकाबाई त्याच्याकडे वळल्या. “किती महिने घेतल्या गोळ्या?”

“दोन. मग डॉक्टर म्हनले, बंद करा, बरे झालात. चिठ्ठीवर लिवून बी दिलं.”

“परत फोटो काढला?”

“न्हाई.”

“थुंकी तपासली?”

“न्हाई. नुसतं संगनकात बगितलं, मग माज्याकडं बगितलं, आन् म्हनले बंद. ही तवा भाईर बाकावर खोकत बसली हुती.”

टीबीचा इलाज सहा महिन्यांच्या आत संपत नाही हे शिकाऊ नर्सलाही पाठ असतं. दोन महिन्यांत, कुठलीच तपासणी न करता, फक्त पडद्याकडे बघून कोणता डॉक्टर ‘बरे झालात’ म्हणेल? ज्याला पक्कं कळलंय की हा माणूस कधी आजारी नव्हताच, तोच.

“रंगनाथराव, ते फोटो कुठायत?”

“घरी, कपाटाच्या मागं. तिचाबी, माजाबी. आसं कुनी टाकून देतं व्हय?”

रेबेकाबाईंनी घराची किल्ली मागून घेतली. साडेअकरा वाजले होते.

४

आपल्याकडे एक्स-रे कुणी टाकत नाही. माणूस बरा होवो की मरो, ते पिवळं पाकीट कपाटामागे, गादीखाली, पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षं जपलेलं असतं. ज्याने केंद्रातली फाईल लांबवली त्याला ही साधी गोष्ट सुचली नव्हती.

रेबेकाबाईंनी दोन्ही पाकिटं अंगणात आणली आणि आधी गोजरबाईच्या नावाचा फोटो उन्हात धरला. फुफ्फुसं स्वच्छ. खरोखर स्वच्छ. उजवा खांदाही स्वच्छ. तिथं काहीच नव्हतं. पंचवीस वर्षं रुतून बसलेला ग्रेनेडचा कण एखाद्या फोटोपुरता बाहेर फिरायला जात नाही.

मग त्यांनी दुसरं पाकीट उघडलं. वर छापलं होतं, ‘हवालदार रंगनाथ मरकड, ४१७/१’.

डाव्या फुफ्फुसाचा वरचा भाग ढगाळलेला होता आणि ढगाच्या मधोमध भोक होतं. उजव्या खांद्यात ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. आणि छातीच्या बरोबर मध्यावर, मण्यांच्या बारीक ओळीखाली, शेजारी शेजारी दोन गोल वाट्या.

मंगळसूत्र.

नवरा जिवंत असताना एक्स-रेसाठीसुद्धा गोजरने ते उतरवलं नव्हतं. आणि हा फोटो गड्याचा म्हणून छापला गेला, डॉक्टरने वाचला, सही केली, औषध सुरू केलं. गड्याच्या गळ्यात दोन वाट्या कशा, असं एकालाही वाटलं नाही. रेबेकाबाई अंगणात एकट्या मोठ्याने हसल्या. मग संतापाने त्यांनी पाकीट ओट्यावर आपटलं, तशी आतून रंगनाथची औषध बंद केल्याची चिठ्ठी बाहेर पडली.

रंगनाथने जन्मात वर्दी घातली नव्हती. तो कांदे पिकवतो. त्याला हवालदार कुणी केलं?

‘तुमच्या मरकडांचंसुद्धा मीच नीट केलं.’

चूक कुणाची ते कळलं. पण फाईल चोरणारा कातोरे नव्हता. आपण केलेलं पाप लपवणारा माणूस त्याबद्दल शाबासकी मागत फिरत नाही. जस्टिनही नव्हे, त्याला नवा फोटो काढायची घाई होती, आणि नव्या फोटोने सगळंच उघडं पडलं असतं.

रेबेकाबाईंनी फोटो पुन्हा उन्हात धरला. डावं फुफ्फुस. उजवं ठणठणीत. डावं.

तेव्हा इतका वेळ टोचणारा काटा हाताला लागला.

५

एक वाजता त्यांनी तिघांना डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं आणि भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीवर तो फोटो अडकवला.

“कातोरे, मरकडांच्या कार्डात तुम्ही काय सरळ केलंत?”

“साधी गोष्ट आहे. यादीत पहिल्या नंबरावर, जवान म्हणून, गोजरबाईचं नाव होतं आणि घरचं माणूस म्हणून रंगनाथचं. टाईप करणाऱ्याने नवरा-बायको उलटे घातले. मी हुद्दा गड्याच्या नावापुढं नेला आणि...” त्याची नजर फोटोवरच्या दोन वाट्यांवर गेली. तो पेटीजवळ गेला.

“बाई हवालदार आणि नवरा तिच्या कार्डावर, हे तुमच्या डोक्यात बसलंच नाही,” रेबेकाबाई म्हणाल्या. “पण कार्ड तिच्या हातात बरोबर होतं, कातोरे. ती खिडकीवर एक नंबर सांगायची, तुमचा संगणक तिला रंगनाथ म्हणायचा. तिचा रोग त्याच्या नावावर गेला आणि त्याची स्वच्छ छाती तिच्या नावावर. गोळ्या त्याने खाल्ल्या. ती खोकत राहिली.”

जस्टिनने छातीवर क्रूसाची खूण केली. “आंटी, मी नाव वाचायला हवं होतं. ती आत आली, मंगळसूत्र काढणार नाही म्हणाली, मी म्हटलं राहू दे. मी तिला बघितलं होतं. छापलेलं नाव नाही बघितलं.”

“तुझ्याशी नंतर बोलते. डॉक्टर, तुम्हाला हे कधी कळलं?”

“मला? आत्ताच, तुमच्यासमोर.” डॉक्टर गरड रुमालाने मान पुसत होते. “फारच दुर्दैवी. कारकुनी चूक.”

“खोकल्यातून रक्त पडलं की ज्या बाजूचं फुफ्फुस फुटलंय त्याच बाजूवर झोपवतात. म्हणजे रक्त चांगल्या फुफ्फुसात उतरत नाही. हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तुमच्या कागदावर गोजरबाईची दोन्ही फुफ्फुसं स्वच्छ होती. मग सकाळी मला डावी कूस कुणी सांगितली?”

डॉक्टरांनी रुमाल खिशात कोंबला.

“तुम्ही विचार करून बोलला नाहीत म्हणून खरं बोललात,” रेबेकाबाई पुढे म्हणाल्या. “आणि ही रंगनाथची चिठ्ठी. दोन महिन्यांत औषध बंद, तपासणी नाही, खाली तुमची सही. त्या दिवशी तुम्ही पडद्यावर हा फोटो पहिल्यांदा नीट बघितलात. वाट्या दिसल्या. रोग याचा नाही हे कळलं आणि याच्या गोळ्या थांबवल्यात. मग तो कुणाचा हे कळायला किती वेळ लागला? त्याची बायको तर त्या दिवशी बाहेर बाकावर बसून खोकत होती!”

“मी तिला बोलावणार होतो.” डॉक्टरांचा आवाज बारीक झाला. “ती पुन्हा खोकल्याचं सांगत आली की नवा एक्स-रे काढायचा, नव्याने सापडलं म्हणून इलाज करायचा, असं ठरवलं होतं. कुणालाच काही कळलं नसतं. ती आलीच नाही.”

“कशी येईल? तुम्हीच तिला मनाचं आहे म्हणून सांगितलं होतं. तुम्ही साहेब. तिने हुकूम पाळला. सहा महिने पाळला, डॉक्टर!”

डॉक्टरांनी खिशातून गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, “फाईल माझ्या गाडीत आहे. मॅडम, माझं पद या महिन्यात कायम होतंय. मी आत्ता पत्र देतो, लाल शेऱ्याचं, तातडीचं. नगरला माझ्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन करतो. तुम्ही फक्त फाईल कपाटामागे सापडली एवढं लिहून द्या.”

म्हणजे बाईचा जीव याच्या खिशात, आणि हा तो सौद्याला काढतोय. रेबेकाबाईंचा हात उचलला गेला होता. घड्याळात दीड वाजला होता, म्हणून तो त्यांनी खाली घेतला.

“आधी पत्र लिहा.”

त्यांनी लिहिलं, शिक्का मारला. रेबेकाबाईंनी ते वाचलं, घडी करून जस्टिनच्या हातात दिलं आणि त्याला मोटारसायकलवर पिटाळलं. मोटारसायकलचा आवाज कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्या बोलल्या नाहीत.

“आता माझं?” डॉक्टरांनी विचारलं.

“तुमचं मी पोलीस ठाण्यात लिहून देते. डाव्या कुशीसकट.”

६

रुग्णवाहिका दोनला निघाली. बरोबर रंगनाथ होता, पत्र होतं आणि तो फोटोही होता. साडेचारला त्याचा फोन आला. दाखल करून घेतलं, रक्त थांबलंय, खरा इलाज आज सुरू होतोय. “जगंल म्हनत्यात बाई. पन डाव्या बाजूचा वरचा तुकडा कामातून गेला म्हनत्यात. त्यो काय परत येत न्हाई.”

गोजर जगणार होती. रेबेकाबाईंनी डोळे पुसले आणि राग तसाच ठेवला. गोजरबरोबर जायचं सोडून त्या इथंच थांबल्या होत्या, कारण एक प्रश्न विचारायचा राहिला होता.

वैजनाथ दुपारपासून खुर्चीतून उठला नव्हता.

“कातोरे,” त्या म्हणाल्या, “अशी किती कार्डं सरळ केलीत?”

त्याने बोटांवर मोजलं. “चार.”

“काढा फाईली.”

त्याने त्या काढल्या. एक गोजरची, डॉक्टरांच्या गाडीतून परत आलेली. दुसरीत सगळंच साधं होतं, नशीब. तिसऱ्या बाईची साखर नवऱ्याच्या नावावर चढली होती. तिला फोन लागला, उद्या सकाळी ये म्हणून सांगितलं. चौथी फाईल झुंबरबाई वाघची. छातीच्या पट्टीचे दोन कागद होते. तिच्या नावाची पट्टी सरळ. तिचा नवरा बन्सी, त्याच्या नावाच्या पट्टीवर हृदयाचा जुना झटका स्पष्ट दिसत होता, आणि दिवसाला तीन गोळ्या लिहिलेल्या होत्या.

रेबेकाबाईंनी नंबर लावला. पलीकडून एका म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज आला.

“झुंबरबाईंना फोन देता का?”

“झुंबर? ती गेली की. दिवाळीच्या आदल्या हप्त्यात. छातीत कळ आली म्हनली, आन् पानी आनूस्तवर खलास. तुमच्या दवाखान्याचा कागद तर चांगला हुता तिचा.”

वैजनाथला सगळं ऐकू येत होतं. त्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“आणि तुमची तब्येत कशी आहे, बन्सीराव?”

“ब्येस! शिबिरात येळंवर कळलं म्हनून वाचलो बगा. तुमच्या गोळ्या रोज घेतो. एकबी चुकवत न्हाई.”

रेबेकाबाईंनी दोन्ही पट्ट्या पुन्हा शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. म्हातारा “हॅलो, हॅलो” करत होता.

“बन्सीराव,” त्या शेवटी म्हणाल्या, “ते कागद आणि ती गोळ्यांची पाकिटं जपून ठेवा, कुणालाही देऊ नका. मी आत्ता निघते. तुम्हाला समोर बसून सांगण्यासारखं आहे. आणि एक सांगा, झुंबरबाई नोकरीत काय होत्या? पोलिसांना लिहून देताना मला त्यांच्या नावाआधी लिहायचंय.”

“हवालदार हुती की ती,” बन्सी म्हणाला. “मी कुटं नोकरीत हुतो? मी मेंढरं राखायचो.”